बुडालेल्या बोटी आणि पडद्यावरचा इतिहास



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी आपणांस इतिहास सांगितला आहे. मी विद्वान नाही. माझी शाळा आठवीत सुटली आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते जिनाच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तीसएक वर्षे कामगारांच्या संघटनेचे काम करतो आहे. त्या कामात अपघातांच्या चौकशीचे कागद पुष्कळ वाचावे लागले, आणि आज जो विषय घेऊन मी आपणांसमोर उभा आहे, तो त्या कागदांच्या वाचनातूनच सुचलेला आहे.

निमित्त मात्र लहान आहे. गेल्या पावसाळ्यात एका कामगार बंधूच्या घरी रात्री बसलो होतो. त्यांची मुलगी नववीत शिकते. दूरदर्शन संचावर बुडालेल्या जहाजांचा एक कार्यक्रम चालू होता. काळेभोर पाणी, खालून येणारा घुमणारा आवाज, आणि दर पाच मिनिटांनी निवेदकाचा तोच प्रश्न, ‘त्या रात्री नेमके काय घडले? की यामागे होती एखादी अज्ञात शक्ती?’ लगेच साबणाची जाहिरात. कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी मला म्हणाली, “काका, आपल्याकडची रामदास बोट बुडाली, तिलाही शाप होता का हो?”

मी तिला तेव्हा एवढेच म्हणालो की, बेटा, नीट वाचून सांगतो. ते उत्तर आज तिला आणि आपणां सर्वांना देत आहे.

प्रथम रामदास बोटीची हकीकत सांगतो. आपण तापीकाठची माणसे. समुद्र आपल्याला लांबचा. परंतु कोकणच्या माणसाला त्या काळी आगबोट म्हणजे आपल्याकडची एस.टी. होती. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणारा चाकरमानी सणावाराला बोटीनेच गावी जाई. विलायती कंपन्यांच्या बोटींना तोंड देण्यासाठी स्वदेशीच्या चळवळीतून एक सहकारी आगबोट कंपनी निघाली. लोक तिला जिव्हाळ्याने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत, आणि तिच्या बोटींना संतांची नावे असत. ‘रामदास’ ही बोट १९३६ साली इंग्लंडात बांधलेली होती.

१९४७ सालच्या जुलै महिन्याची १७ तारीख, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढ अमावास्या तोंडावर आली होती. सकाळी आठच्या सुमारास बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. प्रवास जेमतेम दीड तासाचा. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. पाऊस आणि वारा वाढला, लाटा आत येऊ लागल्या, बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावले, आणि काशाच्या खडकाजवळ बोट काही मिनिटांत उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली.

आता यापुढची गोष्ट ध्यानात घ्या. बोट मुंबईपासून हाकेच्या अंतरावर म्हणावी अशा ठिकाणी बुडाली, तरी मुंबईला कित्येक तास पत्ता नव्हता. कारण बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्रच नव्हते. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तरंगत तरंगत मुंबईच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा दुपार टळत आलेली होती, आणि शहराला ही बातमी कळली ती त्याच्या तोंडून. मदत जी मिळाली ती रेवसच्या कोळी बांधवांची. त्यांच्या होड्या त्याच समुद्रात होत्या. पकडलेली मासळी पाण्यात लोटून त्यांनी माणसांना जागा केली, असे सांगितले जाते. जे वाचले त्यांतील बहुतेकांना त्यांनीच बाहेर काढले.

बंधुभगिनींनो, यात शाप कोठे आला? पावसाळा आहे, गर्दी आहे, लहान बोट आहे, संदेशाचे यंत्र नाही. यांतली प्रत्येक गोष्ट माणसाने ठरवलेली आहे. पावसाळ्यात बोट सोडायची की नाही, किती तिकिटे फाडायची, यंत्र बसवायचे की खर्च वाचवायचा, हे समुद्राने ठरवलेले नव्हते. वारा तेवढा समुद्राचा होता.

परंतु हीच हकीकत ज्या वेळी पडद्यावर येते, त्या वेळी तिचे नाव ठेवले जाते ‘भारताची टायटॅनिक’. मग अमावास्या येते, अपशकुन येतो, खडकावरचे भूत येते. बिनतारी यंत्राची गोष्ट आलीच तर शेवटी एका वाक्यात येते. मी अशा कार्यक्रमांचे निरीक्षण करून त्यांच्या तीन युक्त्या टिपल्या आहेत. त्या आपणांसमोर ठेवतो.

पहिली युक्ती आकड्याची. काठेवाडच्या किनाऱ्यावर ‘वैतरणा’ नावाची आगबोट ८ नोव्हेंबर १८८८ रोजी वादळात नाहीशी झाली. नाव आपल्या महाराष्ट्रातल्या नदीचे, आणि ती मुंबईलाच येत होती. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘विजली’ म्हणत. कच्छच्या मांडवीहून निघून द्वारका, पोरबंदर करीत ती मुंबईकडे चालली होती. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती आणि मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला निघालेले विद्यार्थी होते. बोट पुन्हा दिसली नाही. कागदोपत्री तिच्यावर सुमारे साडेसातशे माणसे होती. कथांमध्ये हा आकडा वाढत वाढत तेराशेवर गेला. जणू साडेसातशे माणसे मेल्याने माणसाच्या काळजाला पुरेसा चटका बसत नाही! तसेच, पोरबंदरच्या अधिकाऱ्याने ‘आज बोट सोडू नका’ असे बजावले होते आणि कप्तानाने ते मानले नाही, अशीही गोष्ट लोकप्रिय आहे. परंतु गुजरातेतील संशोधक वाय. एम. चितलवाला यांनी जुने कागद तपासले तेव्हा ही गोष्ट टिकली नाही. टिकले ते निराळेच. मुंबई सरकारने त्या वेळी चौकशी केली होती, आणि बोटीवर जीवरक्षक होड्या व जाकिटे पुरेशी नव्हती असे तीत आढळले होते. आता पाहा, उद्दाम कप्तान आणि न ऐकलेला इशारा यांचे नाटक होते, म्हणून ते सव्वाशे वर्षे चालले. कमी पडलेल्या जाकिटांचे नाटक होत नाही, म्हणून ती विसरली गेली.

दुसरी युक्ती योगायोगाची. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोकणच्या किनाऱ्यावर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी ‘रामदास’. एवढे सांगून निवेदक थांबला की श्रोत्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पण त्या दिवशी किनाऱ्यावर मोठे वादळ होते, आणि एकाच वादळात एकाच समुद्रातल्या दोन बोटी बुडाव्यात यात नवल ते काय? एका गारपिटीत शेजारच्या दोघा शेतकऱ्यांची केळी गेली तर आपण त्याला रहस्य म्हणत नाही. वादळाचा उल्लेख गाळला की मात्र योगायोग फार भयंकर दिसू लागतो.

या युक्तीची मोठी उघडझाप अमेरिकेत झाली. बर्म्युडा नावाच्या समुद्रभागात जहाजे व विमाने गूढपणे नाहीशी होतात, अशी पुस्तके १९७० नंतरच्या दशकात लाखोंनी खपली. तेव्हा लॉरेन्स कुशे नावाच्या एका ग्रंथपालाने अगदी साधी गोष्ट केली. प्रत्येक घटनेच्या तारखेची जुनी वर्तमानपत्रे काढली, हवामानाच्या नोंदी काढल्या, आणि १९७५ साली आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ‘शांत समुद्रात’ गेलेली कित्येक जहाजे प्रत्यक्षात वादळात गेलेली निघाली. एक जहाज तर त्या भागातले नव्हतेच. ते पॅसिफिक महासागरातले निघाले! तो ग्रंथपाल दर्यावर्दी नव्हता की मोठा शास्त्रज्ञ नव्हता. वाचनालयात बसून चिकाटीने कागद पाहणारा माणूस होता. मजसारख्या बाकावर शिकलेल्या माणसाला या गोष्टीने फार धीर दिला.

तिसरी युक्ती कटाची. येथे विमानाचे उदाहरण घेतो. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान मुंबईहून दिल्ली, बैरूत करीत जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असता आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ माणसे होती. एकही वाचले नाही. त्यांत डॉ. होमी भाभा होते. आता योगायोग पाहा. तेरवाच्या वाटावे अशा अंतराने, ११ जानेवारीला, लालबहादूर शास्त्री ताश्कंदला वारलेले; आणि ज्या दिवशी विमान पडले त्याच दिवशी इंदिरा गांधींचा शपथविधी. कट रचायला याहून चांगले साहित्य कोणते? पुढे कित्येक वर्षांनी, मरण पावलेल्या एका अमेरिकन हेर-अधिकाऱ्याच्या नावावर एक संभाषण प्रसिद्ध करण्यात आले, आणि बाँब आम्हीच ठेवला अशी कबुली त्याच्या तोंडी घालण्यात आली. ज्याला उलट विचारता येत नाही असा साक्षीदार कोणत्याही न्यायालयात चालत नाही. पडद्यावर चालतो.

फ्रान्समधील चौकशीत काय निघाले? विमानातील दिशा व स्थान दाखवणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बैरूत सोडतानाच बंद होते. वैमानिकाचा आपल्या स्थानाचा अंदाज चुकला होता. खालच्या नियंत्रकाला ते आपल्या रडारवर दिसले आणि ‘माँ ब्लाँ अजून पाच मैल आहे’ अशा अर्थाचा संदेश त्याने दिला. वैमानिकाची समजूत अशी झाली की पर्वत मागे पडला, आणि त्याने विमान खाली आणले. एक बंद यंत्र आणि एक नीट न समजलेले वाक्य. कामगारांना मी सांगतो की हे नीट वाचा, कारण आपल्या कारखान्यातले निम्मे अपघात असेच होतात. एक बिघाड दुरुस्तीविना तसाच पुढे चालवलेला असतो, आणि पाळी बदलताना सांगितलेला एक निरोप उलटा ऐकलेला असतो.

आणि आता मला जे खरे सांगायचे आहे ते सांगतो. याच पर्वतावर त्याआधी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान आदळले होते. तेही जिनिव्हाकडेच चालले होते. त्या वाटेवर आल्प्सचे सर्वांत उंच शिखर उभे आहे, सुमारे ४८०० मीटरचे. त्यामुळे दोन विमाने तेथेच आदळावीत यात शाप शोधण्याचे कारण नाही. त्या विमानात ४८ माणसे होती, आणि प्रवासी होते ते जहाजावरचे खलाशी. विलायतेत एका बोटीवर कामाला रुजू होण्यासाठी त्यांना नेले जात होते. शोधाला गेलेला फ्रेंच वाटाड्या रेने पायो हाही बर्फात प्राणाला मुकला. या अपघातावरून फ्रान्समध्ये एक कादंबरी निघाली आणि १९५६ साली हॉलिवूडने तिच्यावरून चित्रपट काढला. त्यात खलाशी नाहीत. त्यात विमानातले मौल्यवान सामान लुटायला निघालेला एक भाऊ आहे, त्याला आवरणारा दुसरा भाऊ आहे आणि जिवंत सापडलेली एक भारतीय स्त्री आहे. प्रत्यक्षात कोणीही जिवंत राहिले नव्हते.

आजही त्या हिमनदीतून अधूनमधून काही वस्तू वर येतात. २०१३ साली एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी सापडली. २०२० साली जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे निघाली. रत्नांची बातमी जगभर झाली. पण १९५० सालचे ते खलाशी कोण होते, कोणाचे मुलगे होते, त्यांच्या बायकामुलांना भरपाई मिळाली काय, हा प्रश्न विचारणारा कार्यक्रम मी अद्याप पाहिलेला नाही. एकाच डोंगरावर एक शास्त्रज्ञ गेला आणि चाळीस खलाशी गेले. शास्त्रज्ञाच्या मृत्यूचे रहस्य झाले आणि खलाशांच्या मृत्यूचे काहीच झाले नाही. डॉ. भाभांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण मी विचार करतो की, खोटे रहस्य करून त्यांचा तरी कोणता मान राखला गेला?

कोणी म्हणेल, ‘म्हणजे घातपात कधी होतच नाही की काय?’ होतो. आणि तो सिद्ध कसा होतो हे पाहायचे तर ‘काश्मीर प्रिन्सेस’ची हकीकत वाचावी. ११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी व पत्रकार घेऊन हे एअर इंडियाचे विमान हाँगकाँगहून निघाले. कप्तान होते आपले मराठी दामोदर काशिनाथ जटार. समुद्रावर असता स्फोट झाला. पेटलेले विमान जटारांनी पाण्यावर उतरवण्याची शर्थ केली. १९ पैकी १६ जण गेले, त्यांत ते स्वतः होते. दीक्षित, पाठक आणि यंत्रज्ञ अनंत कर्णिक हे तिघे वाचले. त्यानंतर समुद्रातून विमानाचे अवशेष वर काढले, एकेक तुकडा तपासला, चाकाच्या खोबणीजवळ स्फोटाच्या खुणा आणि घड्याळाच्या यंत्राचे भाग सापडले, तेव्हा बाँब ठेवला होता असे म्हटले गेले. विमानतळावर सफाईचे काम करणारा संशयित तैवानला निसटला. येथे कट होता, आणि तो तुकड्यांनी सिद्ध झाला. आधी तुकडा, मग निष्कर्ष. रहस्याच्या व्यापाऱ्याचा क्रम याच्या उलट असतो.

आता आपल्या दाराशी येऊ. मी तरुण असताना एका जिनात एका मजुराचा हात पट्ट्यात गेला. दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीत बोलबाला झाला की त्या यंत्राला ‘काहीतरी आहे’, मागे तेथे एक बाई वारली होती. मुकादमाने नारळ फोडला, मालकाने लिंबू-मिरची बांधली. सर्वांचे समाधान झाले. आम्ही चौघे जाऊन यंत्र पाहिले, तेव्हा पट्ट्यावरची लोखंडी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. जाळी लावली की दर वेळी साफसफाईला वेळ जातो, म्हणून ती महिनाभर काढलेली होती. जाळी बसवावी म्हणून आम्हांला सात महिने भांडावे लागले. तेव्हा मला कळले की, भुताची गोष्ट मजुरांनी निर्माण केली असली तरी तिचा फायदा मजुरांना होत नाही. भुताला नोटीस काढता येत नाही आणि भुताकडून भरपाई मागता येत नाही.

आपल्या तालुक्यात वाघाडीला ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे गेली, ते आपण विसरलेला नाहीत. त्या दिवशी कॅमेरे आले. धुराचा लोट पुन्हा पुन्हा दाखवला गेला. मग कॅमेरे गेले. उद्या पन्नास वर्षांनी कोणी त्यावर कार्यक्रम करील, तेव्हा त्यात केवळ तो लोट आणि घुमणारे संगीत असावे, की गेलेल्या माणसांची नावे आणि कारणांची नोंद असावी? ‘रामदास’चा इतिहास कसा सांगितला जातो याची मला काळजी वाटते ती एवढ्याचसाठी.

टायटॅनिकचेच पाहा ना. १९१२ साली ती बुडाली. ममीचा शाप, विम्यासाठी बदललेले जहाज, असे किती तरी कार्यक्रम निघाले. जहाज बदलले होते म्हणावे, तर समुद्राच्या तळाशी पडलेल्या पंख्यावर टायटॅनिकचाच बांधणी क्रमांक ४०१ सापडला आहे. खरी गोष्ट अशी की, बावीसशेहून अधिक माणसांसाठी तिच्यावर ११७८ जणांपुरत्या होड्या होत्या, आणि तेवढ्या कायद्याला पुरत होत्या! दहा हजार टनांवरच्या जहाजाला सोळा होड्या, असा जुना नियम होता. जहाजे चौपट मोठी झाली तरी नियम तसाच राहिला. पहिल्या वर्गातले शंभरातले साठाहून अधिक वाचले, तिसऱ्या वर्गातले पंचवीसच्या आसपास. या आकड्यांपुढे ममीचा शाप अगदी पोरकट वाटतो. या आकड्यांवरूनच लोक खवळले, आणि १९१४ साली समुद्रावरील सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. कारण समजले तेव्हाच कायदा बदलला.

मी असे म्हणत नाही की पडदाच वाईट. चौकशीचे अहवाल समोर ठेवून, यंत्राचा बिघाड पायरीपायरीने समजावणारे चांगले कार्यक्रमही मी पाहिले आहेत आणि त्यांतून शिकलोही आहे. माझी विनंती एवढीच आहे की, कार्यक्रम पाहताना चार प्रश्न मनात ठेवावेत. त्या दिवशी हवामान कसे होते, हे सांगितले काय? चौकशी झाली होती काय, आणि तिने काय ठरवले? साक्षीदार कोण, आणि त्याला उलट विचारता येईल काय? आणि शेवटचा प्रश्न, मेलेली माणसे कोण होती, हे सांगितले काय? चारही प्रश्नांची उत्तरे न देता एखादा कार्यक्रम आपल्या अंगावर काटा आणीत असेल, तर त्याला करमणूक म्हणावे. इतिहास म्हणू नये.

ती नववीतली मुलगी आज येथे समोर बसली आहे. बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. रामदास बोटीला शाप नव्हता. तिच्यावर यंत्र नव्हते, आणि पावसाळ्यात ती सोडली होती. तिच्यातली माणसे तुझ्या बाबांसारखी होती. मुंबईत राबणारी, सणाला घरी निघालेली. त्यांना वाचवणारेही तसेच कष्टकरी कोळी होते. एवढे लक्षात ठेव, आणि पुढे कोणी तुला खडकावरच्या भुताची गोष्ट सांगू लागला तर त्याला विचार, बोटीवर बिनतारी यंत्र का नव्हते?